गोष्टीतल्या मुलानं आईला बरं करू नये

मुलांच्या पुस्तकांत आता मरण येतं, घटस्फोट येतो, आजोबांचं विसरणं येतं. त्याच रांगेत आणखी एक विषय आलाय, तो म्हणजे आईला किंवा बाबांना झालेलं डिप्रेशन. इंग्रजीत अशी चित्रपुस्तकं बरीच आहेत, मराठीत फार थोडी. असं पुस्तक हाती पडलं की पालक आणि शिक्षक आधी दचकतात. आठ वर्षांच्या पोराला हे कशाला? गोष्ट म्हणजे ससा-कासव, राजा-राणी. त्यात आईचं रडणं कुठून आलं?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी आजार समजून घ्यावा लागतो, मग मूल त्या आजाराकडं कसं बघतं ते, आणि मग गोष्टीकडं यावं लागतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात मराठी घरांना यात भाषेची एक जादा अडचण आहे. तीही पुढं येईलच.

डिप्रेशन म्हणजे नेमकं काय

डिप्रेशन, म्हणजे नैराश्य, हा आजार आहे. मन सतत उदास असतं, किंवा आधी ज्यात जीव रमायचा ते काहीच नको वाटतं. हे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, सलग दोन आठवडे किंवा जास्त चालतं. त्याच्या जोडीला झोप आणि भूक बिघडते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटतं, मरणाचे विचार येतात. यांतली काही लक्षणं जमली आणि त्यामुळं रोजची कामं अडायला लागली की डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात. भांडण झालं म्हणून दोन दिवस न जेवणं यात बसत नाही. घरात कुणी गेल्यावरचं दुःखही आपोआप यात येत नाही.

घरात हा आजार यादीसारखा दिसत नाही. पाणी सोडायच्या दिवशी नळाला पाणी येऊन जातं आणि घागरी रिकाम्या राहतात. चहाचं आधण उकळून आटून जातं. माणूस रात्री तीनला टक्क जागा असतो आणि सकाळी त्याला उठवत नाही. बरेच जण उदासीबद्दल बोलतच नाहीत. अंग दुखतंय, डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय असं सांगतात आणि दवाखान्यात जाऊन सलाइन लावून येतात. पुरुषांत रडण्यापेक्षा चिडचिड जास्त दिसते, कधी दारू वाढते. उद्यमबागेतल्या कारखान्यात शिफ्ट करून आलेला बाप भिंतीकडं तोंड करून झोपतो, पोरांनी हाक मारली की खेकसतो. घरचे म्हणतात, त्याचा स्वभावच तापट आहे.

हे दुर्मीळ नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या दर वीस प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन होतं. त्यातले बहुतेक उपचारापर्यंत पोचत नाहीत, हेही त्याच सर्वेक्षणात दिसलं. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात असं घर असलेलं एखादं पोर असणं अगदी शक्य आहे, आणि ते कुणाला सांगत नसतं.

मुलाला समजावताना शेतातल्या मोटारीचा दाखला उपयोगी पडतो. विहिरीत पाणी आहे, मोटार जागेवर आहे, पण थ्री फेज करंट नाही. म्हणून पाटाला पाणी येत नाही. विहीर आटलेली नाही, तशी आईची मायाही आटलेली नाही, ती फक्त आपल्यापर्यंत पोचत नाही. विहिरीच्या काठावर बसून कितीही हाका मारल्या तरी करंट येत नाही, त्याला लाइनमन लागतो. खानापूर-हुक्केरीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला एवढं लगेच कळतं. दाखला इथंच सोडावा. आईच्या डोक्यातली कुठली वायर जळाली, असं विचारायला मूल लागलं तर सरळ सांगावं की आईचं काही जळालेलं नाही, ती आजारी आहे आणि तिला उपचार लागतात.

मूल काय बघतं आणि त्याचा काय अर्थ लावतं

"लहान आहे, त्याला काय कळतंय" हे आपल्याकडचं सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आईनं आपल्या काही महिन्यांच्या बाळाशी आधी नेहमीसारखं खेळायचं, मग थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळाला बदल लगेच जाणवला. त्यानं हसून, हातपाय हलवून आईला परत खेळात ओढायचा प्रयत्न केला आणि जमेना तसं तोंड फिरवलं. बोलताही न येणाऱ्या बाळाला जे कळतं, ते शाळकरी पोराला कळणारच.

मुलाला बदल दिसतो, त्याचं कारण मात्र कुणी सांगत नाही. मग ते स्वतः कारण शोधतं. साधारण चार ते सात वर्षांच्या वयात मुलाला आपण केलेल्या, इतकंच काय, मनात आणलेल्या गोष्टींमुळंही जगात काहीबाही घडतं असं खरोखर वाटतं. मी डबा सांडला म्हणून आई झोपून आहे. मी मनात म्हणालो होतो की बाबा नकोत, म्हणून बाबा असे झाले. हे ते बोलून दाखवत नाही. बोललं तर पकडलं जाऊ, अशी त्याची समजूत असते.

थोडं मोठं मूल कामाला लागतं. नऊ-दहा वर्षांची मुलगी भात लावते, धाकट्याची आंघोळ उरकते, दारावर आलेल्यांना "आई बाहेर गेलीया" असं सांगते. आजूबाजूचे तिचं कौतुक करतात, किती समजूतदार पोरगी! त्या कौतुकानं ती आणखी अडकते, कारण आता तिला लहान होता येत नाही. तेरा-चौदाच्या पुढं राग येतो, लाज वाटते, मित्रांना घरी आणणं बंद होतं.

असं घर असलेल्या मुलांना पुढं स्वतःला डिप्रेशन होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट ते तिप्पट असते. हा आकडा घाबरवण्यासाठी नाही. अमेरिकेतल्या संशोधक मार्ना वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की आईचं डिप्रेशन उपचारानं तीन महिन्यांत ओसरलं, तर मुलांचे त्रासही कमी होतात. म्हणजे मुलासाठी करण्यासारखं पहिलं काम आईचे किंवा बाबांचे उपचार सुरू करणं हे आहे. दुसरं, मुलाला घरात काय चाललंय ते कळेल असं सांगणं. गोष्टीचं काम या दुसऱ्या ठिकाणी आहे.

सरळ सांगायचं सोडून गोष्ट कशाला

सरळही सांगायचंच. पण "तुझ्या आईला आजार आहे" असं समोर बसवून सांगितलं की मूल मान डोलावतं आणि विषय संपतो. त्याच्या मनात जो प्रश्न असतो तो विचारायला त्याच्याकडं शब्दही नसतात आणि धीरही नसतो. गोष्टीतल्या एखाद्या रमाबद्दल मात्र ते मोकळेपणी बोलतं. रमाला राग आलाय, रमाला वाटतंय की तिच्यामुळं झालं. स्वतःचं गुपित न फोडता त्याला स्वतःचा प्रश्न विचारता येतो.

बॉस्टनचे मनोविकारतज्ज्ञ विल्यम बिअर्डस्ली यांनी डिप्रेशन असलेल्या आईबापांच्या मुलांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यातली जी मुलं चांगली तग धरून राहिली, त्यांना हा आजार आहे आणि तो आपल्यामुळं झालेला नाही, हे नीट उमगलेलं होतं. घराबाहेर त्यांची माणसं होती, स्वतःचे उद्योग होते. त्यावरून बिअर्डस्ली यांनी अशा कुटुंबांशी बोलण्याची एक पद्धत बसवली. पुढं फिनलंडमध्ये ती तिथल्या आरोग्यसेवेत रुजवण्याचं काम झालं.

चांगल्या गोष्टीतून मुलाच्या पदरात तीन गोष्टी पडायला हव्यात: हे तुझ्यामुळं झालेलं नाही, हे तुला बरं करता येणार नाही, आणि तुझ्याकडं बघायला मोठी माणसं आहेत. पहिली आणि तिसरी गोष्ट बहुतेक लेखक सांभाळतात. घसरतात ते दुसरीवर.

सगळ्यात मोठी चूक शेवटच्या पानावर असते

एक नमुना घेऊ. वडगावातलं विणकराचं घर. माग चालू असायचा, आई कांड्या भरायची. हळूहळू आईचं कांड्या भरणं थांबलं, ती अंथरुणातून उठेना. आठ वर्षांची रमा घाबरली. इथपर्यंत गोष्ट ठीक चाललीय. आता शेवट असा:

"रमानं पहिला नंबर काढला. बक्षीस घेऊन ती धावत घरी आली. आईनं तिला मिठीत घेतलं, आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दिवसापासून आई पहिल्यासारखी हसू लागली."

वाचायला गोड वाटतं. पण ज्या मुलाची आई खरोखर आजारी आहे, त्याला या ओळी काय सांगतात? की औषध तुझ्याकडं आहे. तू पुरेसा शहाणा झालास तर आई उठेल. मूल मन लावून अभ्यास करतं, नंबर काढतं, चित्र काढून आईच्या उशाशी ठेवतं. आई उठत नाही. आता त्याच्या खात्यावर दोन गुन्हे जमा होतात: आजार माझ्यामुळं झाला, आणि बराही माझ्यामुळंच होत नाही. अशी गोष्ट न वाचलेली बरी, असं आम्ही अगदी ठामपणे म्हणतो.

तीच गोष्ट अशी संपवता येते:

"आईच्या गोळ्या सुरू होऊन चौथा आठवडा होता. आई खाटेवर उठून बसली. 'ये, वेणी घालते,' म्हणाली. तिनं उजवी वेणी घातली. डाव्या वेणीला आली आणि दमली. मग डावी वेणी काकूनं घातली. एक घट्ट, एक सैल. रमा तशीच शाळेला गेली."

इथं आई थोडी बरी आहे, पूर्ण नाही. ती बरी होतेय ती औषधानं आणि दिवस जाऊ दिल्यानं. रमानं काहीही मिळवलेलं नाही, तिला मिळवायचंही नव्हतं. आणि जिथं आईचे हात थकले तिथं काकूचे आले.

हे चौथ्या आठवड्याचं उगीच घातलेलं नाही. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला सहा ते आठ. पहिल्या काही दिवसांत मळमळ, डोकेदुखी, झोपेत फरक असा त्रास होऊ शकतो, म्हणजे सुरुवातीला आई जास्तच आजारी वाटू शकते. बरं वाटायला लागल्यावरही गोळ्या साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवाव्या लागतात. मनानं एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी येते आणि आजार उलटायचा धोका असतो. "डॉक्टरनं गोळी दिली आणि दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात गाणं म्हणत होती" असं गोष्टीत असेल, तर खऱ्या घरातलं मूल तिसऱ्या दिवशी हिरमुसतं. उलट कॅलेंडरवर आठवडे खोडणारी रमा त्याला वाट बघायला शिकवते.

बाकीच्या चुका छोट्या, पण बघून घ्याव्यात अशा. आजाराला राक्षस, काळा ढग किंवा आईच्या पोटात बसलेला प्राणी करून दाखवणं चित्रकारांना आवडतं. मोठ्या मुलाला त्यातलं रूपक कळतं. पाच वर्षांचं मूल त्या रात्री आईच्या खाटेखाली वाकून बघतं. लहानांसाठी आजाराला आजारच म्हणावं. दुसरं, आईला वाईट ठरवू नये आणि देवीही करू नये. तिचं ओरडणं गोष्टीत यावं, कारण ते घरात घडतं, आणि "ती ओरडली त्यात तुझी चूक नव्हती" हेही यावं. तिसरं, मूल हसताना, लगोरी खेळताना, गणपतीत नाचताना दिसावं. नाहीतर आई आजारी असताना हसणं म्हणजे पाप, असा धडा जातो. चौथी गोष्ट मरणाच्या विचारांची. त्याचा उल्लेख फक्त किशोरांच्या पुस्तकात, तोही कसं, कशानं याचं वर्णन न करता असावा, आणि त्याच पानावर कुणाला जाऊन सांगायचं ते असावं.

कुठल्या वयाला काय

सहा वर्षांपर्यंत चित्रं जास्त, पानाला एक-दोन वाक्यं, सगळं मिळून दहा मिनिटांत संपेल एवढं. "आई आजारी आहे. हा आजार दिसत नाही. तुझ्यामुळं नाही. आज डबा काकू देणार." एवढ्यानं भागतं. सात ते दहा या वयात डॉक्टर, गोळ्या, वाट बघणं आणि मुलाचा राग येऊ शकतो. अकराच्या पुढं पूर्ण कादंबरिका चालते, आणि तिथं आजार उलटणं, पैशाची ओढाताण, आईबाबांचे वाद, "मलाही होईल काय?" हा प्रश्न, हे सगळं यायला हवं. त्या वयाला गुळमुळीत गोष्ट दिली तर ते पुस्तक बाजूला टाकतात, आणि बरोबर करतात.

वाचायचं कसं

आधी स्वतः शेवटपर्यंत वाचा. कव्हर बघून ठरवू नका.

मग आजारी असलेल्या आईला किंवा बाबांना विचारा. त्यांच्या पाठीमागं पोराला असं पुस्तक वाचून दाखवलं तर घरात आणखी एक गुपित तयार होतं. आपल्यामुळं पोरांचे हाल होतायत ही टोचणी त्यांना आधीच असते, म्हणून बोलताना "तुझं पोरांकडं लक्ष नाही, निदान हे तरी वाचू दे" असा सूर नको. "पोरगं घाबरलंय, त्याला कळेल असं सांगूया" एवढं पुरे. त्यांना स्वतः वाचावंसं वाटलं तर उत्तमच. डिप्रेशनमध्ये बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यात वाईट जाते आणि संध्याकाळी थोडं हलकं वाटतं, तेव्हा दिवेलागणीची वेळ बघा. नाही झेपलं तर आज्जी, काकू, मामा, शेजारची मावशी, ज्यांच्याजवळ मूल बिनधास्त बसतं असं कुणीही चालेल.

झोपायच्या आधी मात्र वाचू नका. प्रश्न मनात उठतात आणि लाइट बंद होते, मग मूल ते प्रश्न घेऊन एकटं पडून राहतं. वाचून झाल्यावर तासभर तरी हाताशी असावा.

वाचताना दोनच ठिकाणी थांबा. पहिलं, गोष्टीतलं मूल चुकीचं कारण शोधतं तिथं: "रमाला काय वाटालंय गे?" दुसरं, ते कुणाला तरी जाऊन सांगतं तिथं: "तू असतीस तर कुणाला सांगितलं असतंस?" तिच्या तोंडून एखादं नाव आलं तर त्या माणसाच्या कानावर घालून ठेवा, म्हणजे खरोखर वेळ आली तर तो गांगरणार नाही. नाव आलंच नाही, तर तुमच्या पुढच्या कामाची जागा तुम्हाला सापडली.

"तुझ्या आईचं पण असंच झालंय ना?" हा प्रश्न विचारू नका. त्या एका वाक्यानं गोष्टीचा आडोसा जातो आणि मूल बंद होतं. त्याला तुलना करायची असेल तर ते स्वतः करतं, कधी त्याच वेळी, कधी आठवड्यानं सायकलवर मागं बसलेलं असताना. मूल मध्येच उठून खेळायला गेलं तर जाऊ द्या. पुस्तक त्याच्या हाताला येईल अशा जागी ठेवा. तेच पान पुन्हा पुन्हा वाचायला सांगितलं तर कंटाळू नका, त्याचं काम त्या पानावर चाललेलं असतं.

शाळेत वाचायचं असेल तर सगळ्या वर्गाला, इतर गोष्टींसारखीच एक म्हणून वाचा. ज्याच्या घरी असं आहे हे माहीत आहे, त्याच्याकडं वाचताना बघायचंसुद्धा नाही. वाचून झाल्यावर "आपापला अनुभव सांगा" हे नको. आणि त्या आठवड्यात "माझी आई" हा निबंध तर नकोच नको.

"पोरांच्या डोक्यात नको ते कशाला भरायचं?"

ज्याच्या घरी हे चाललंय त्याच्या डोक्यात ते आधीच भरलेलं आहे, फक्त चुकीच्या रूपात. ज्याच्या घरी नाही, त्याला शेजारच्या बाकावरचा मित्र गप्प का झालाय ते कळतं. मरणाच्या विचारांबद्दल विचारलं तर ते विचार मनात पेरले जातात, हीसुद्धा भीतीच आहे. नीट, शांतपणे विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते.

"आम्ही नाही काय वाढलो असल्याच घरात?" वाढलात, खरं. तुमच्यातल्या ज्यांचं निभावलं त्यांच्या मागं बहुधा कुणीतरी उभं होतं: आज्जी, गल्लीतली एखादी काकू, एखादे गुरुजी. आज दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात ते माणूस आपोआप असेलच असं नाही, म्हणून गोष्टीतून ते शोधायला शिकवावं लागतं.

"बाहेरचं असलं तर?" आपल्याकडं पहिली शंका हीच येते, लिंबू उतरवलं जातं, सौंदत्तीला यल्लम्माकडं नवस बोलला जातो. त्यावरून घरात भांडण उभं करू नये. देवाला जाऊन या आणि गोळी चुकवू नका, एवढं सांगितलं तरी बऱ्याच आज्ज्या ऐकतात. गोष्टीतही नवस बोलणाऱ्या आज्जीला खलनायिका करू नये. मुलाचा तिच्यावर जीव असतो आणि आईवरही, त्याला दोघींत निवड करायला लावणारी गोष्ट त्याला आणखी एकटं पाडते.

"डॉक्टरकडं गेलं की आईला नेऊन ठेवतील" ही भीती मुलांना तर असतेच, मोठ्यांनाही असते. डिप्रेशनचे बहुतेक रुग्ण घरी राहूनच उपचार घेतात. भरती व्हायची वेळ आलीच तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या मुलाला आईपासून सहसा वेगळं करता येत नाही, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. लग्नाच्या बाजारात नाव खराब होईल म्हणून जे लोक दवाखाना टाळतात, त्यांनी ही शेवटची गोष्ट ध्यानात घ्यावी.

सीमाभागातली जादा अडचण

मराठी घरातलं मूल शाळेत कन्नड शिकतं. आईला कन्नड जेमतेम येतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर किंवा नर्स कन्नडमधून विचारतात, आणि आई पोराकडं बघते. बँकेत, बस स्टँडवर, तलाठ्याकडं हे चालून जातं. मनोविकारतज्ज्ञाच्या खोलीत ते चालवून घेऊ नये. तिथला प्रश्न असतो, "जीव नको वाटतो का? मरावंसं वाटतं का?" तो प्रश्न दहा वर्षांच्या पोरानं आईला मराठीत विचारायचा आणि तिचं "होय" कन्नडमधून डॉक्टरला सांगायचं! आई पोरासमोर खरं सांगत नाही, आणि डॉक्टरपर्यंत अर्धवट आजार पोचतो. खरं सांगितलं तर ते शब्द मूल घेऊन घरी येतं.

उपाय अवघड नाही. दुभाषा म्हणून मोठं माणूस न्या, शेजारची बाई चालेल, आशा कार्यकर्ती चालेल. कुणीच नसेल तर "मराठी बोलणारं कुणी आहे काय?" असं तिथंच विचारा, बेळगावात बहुतेक ठिकाणी कुणीतरी निघतंच. मूल बरोबर असलं तर बाहेरच्या बाकावर बसवा. सीमाभागातल्या मुलांसाठी कुणी अशी गोष्ट लिहीत असेल तर हा प्रसंग तीत जरूर यावा. काकू रमाला म्हणते, "तू भायेर बस बाळ, मी सांगतो डॉक्टरला," आणि रमाच्या खांद्यावरचं एक ओझं उतरतं. असं पान दुसऱ्या कुठल्या प्रांतातल्या पुस्तकात सापडणार नाही.

पुस्तक मिळालं नाही तर

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. तिथं किंवा गावच्या वाचनालयात आधी विचारा. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी आणि कन्नडसह अनेक भाषांतली मुलांची पुस्तकं फुकट वाचता येतात, श्रेय देऊन भाषांतर करता येतात, छापता येतात. सापडेल त्याला वरच्या कसोट्या लावा.

नाहीच मिळालं तर घरी करा. ए-फोरचे चार कागद एकत्र मधोमध दुमडले की सोळा पानं होतात. दुमडून, शिवून मगच लिहायला घ्या. सुटे कागद आधी लिहिले की पानांचा क्रम हमखास चुकतो. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही, त्यापेक्षा घडीवर तीन भोकं पाडून सुई-दोऱ्यानं शिवा.

पहिलं पान कव्हर, शेवटचं मलपृष्ठ, मध्ये चौदा पानं राहतात. पहिली तीन पानं नेहमीच्या दिवसांना द्या, कारण आई आजारापूर्वी कशी होती हे मूल विसरलेलं असू शकतं. पुढची तीन काय बदललं त्याला. एक पान मुलाच्या चुकीच्या कारणाला, एक ते कुणाला सांगतं त्याला. त्यानंतरचं पान या पुस्तकाचा कणा आहे, त्यावर मोठ्या माणसाचं उत्तर येतं. "काकू, आई माझ्यामुळं आजारी पडलीया काय?" "न्हाई गे बाळ. तू काय केलंस, न केलंस, त्यानं ह्यो आजार होत न्हाई." पुढं एक पान डॉक्टरला, तीन पानं वाट बघण्याला, त्यातल्या एकावर मूल मनसोक्त खेळतंय. चौदाव्यावर थोडी बरी, पण अजून थकलेली आई. पानाला दोनच वाक्यं, घरात बोलतो त्याच बोलीत.

गोष्टीतल्या मुलाला आपल्या मुलाचं नाव देऊ नका, गाव आणि घर मात्र ओळखीचं असू द्या. चित्रं मुलाला काढू द्या. आईचा चेहरा त्यानं कोरा सोडला तर तो पूर्ण करायला लावू नका. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदीत दरवर्षी साहित्य संमेलनं भरतात. तिथल्या लिहित्या माणसांनी अशा चौदा पानांसाठी एक दुपार दिली, तर या भागातल्या मुलांना त्यांच्या बोलीतलं पुस्तक मिळेल.

मलपृष्ठावर मुलाच्या ओळखीच्या तीन मोठ्या माणसांची नावं आणि फोन नंबर लिहा. त्याखाली तीन आकडे. १४४१६, म्हणजे टेलि-मानस: केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास फुकट आहे आणि तिथं भाषा निवडता येते. १०९८ मुलांसाठी: घरी जेवण नाही, मारहाण होतेय, एकटं पडलोय, तर मूल स्वतः लावू शकतं. ११२ तातडीसाठी: आई किंवा बाबा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असतील, कीटकनाशकाची बाटली किंवा गोळ्यांचा साठा हाताशी ठेवत असतील, तर मोठ्यांनी त्यांना एकटं सोडू नये, त्या वस्तू घरातून हलवाव्यात आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उपचारासाठी बेळगावचं जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था डिमहान्स आहे. कर्नाटकच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी ठेवलेली असते. जाण्याआधी फोन करून वार आणि वेळ विचारून घ्या. जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आणि लक्षणं कधीपासून आहेत ते एका कागदावर मराठीत लिहून ठेवा. आईला खोलीत आठवलं नाही तर दुभाष्याला त्यावरून वाचून सांगता येतं.